आळस येतो, टंगळमंगळ करतात आणि दिरंगाई होते : एका शब्दाचा अर्थ आणि वापर

वर्धा जिल्ह्यातलं एखादं वावर डोळ्यांसमोर आणा. सोयाबीनचं निंदण सुरू आहे. आठ बाया ओळीने पुढे सरकतायत. सातजणी शेवटाला पोचल्या, आठवी अजून मधेच आहे. धुऱ्यावरून हाक येते, "काय वं माय, टंगयमंगय लावली का आज?"

पुस्तकी मराठीत हाच शब्द ‘टंगळमंगळ’. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. काळा तिथे ‘काया’ असतो, केळं ‘केयं’ आणि आळशी ‘आयशी’. वर्धा नदी ही वऱ्हाडची आणि या जिल्ह्याची सीमा, पण बोली काही नदीकाठी थांबत नाही. त्यामुळे आर्वीकडे गेलात तर हे उच्चार सहज कानावर पडतात.

शब्द सगळ्यांना कळतो. अर्थ विचारला, की बहुतेक जण ‘आळस’ असं सांगून मोकळे होतात. पण टंगळमंगळ म्हणजे आळस नव्हे. आळशी माणूस कामाला हातच लावत नाही. टंगळमंगळ करणारा लावतो. काम त्याच्या समोर असतं, सुरूही झालेलं असतं, फक्त त्यात मन नसतं. हात हलतो, वेळ जातो आणि काम आहे तिथेच राहतं.

गृहपाठाला बसलेलं मूल हे याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण. आधी पेन्सिलला टोक काढायचं, मग टोक मोडलं म्हणून पुन्हा काढायचं. मग रबर सापडत नाही. मग तहान लागते. समासाची रेघ मात्र फार मन लावून आखली जाते. यातली एकही गोष्ट अभ्यासाच्या बाहेरची नाही, हीच टंगळमंगळीची खूण. ती नेहमी कामाचे कपडे घालून येते.

या शब्दात तीन गोष्टी गृहीत असतात. एक, काम सुरू झालेलं आहे. दोन, कुणीतरी बघतंय. एकट्याने टंगळमंगळ करायची काही गरज नसते, एकटा माणूस सरळ झोपतो. आणि तीन, करणाऱ्याच्या अंगात ते काम करण्याची ताकद आहे. तापाने फणफणलेल्या माणसाला ‘टंगळमंगळ करतोस’ असं कुणी म्हणत नाही, आणि म्हटलंच तर ऐकणारे चपापतात. म्हणजे हा शब्द उच्चारणारा माणूस नुसतं वर्णन करत नसतो. ‘तुला जमतंय, तरी तू करत नाहीयेस’ असा आरोप तो ठेवत असतो.

शब्दाची घडण

व्याकरणात अशा शब्दांना अभ्यस्त शब्द म्हणतात. त्यातला हा अंशाभ्यस्त प्रकार. पहिला भाग येतो, मग एखादं अक्षर बदलून त्याचाच प्रतिध्वनी येतो. अर्धामुर्धा, अघळपघळ, ओबडधोबड, थातुरमातुर, अळमटळम ही सगळी त्याच गोतावळ्यातली. यांत एका भागाला अर्थापेक्षा नादाचं काम जास्त असतं. तेव्हा ‘मंगळ’ दिसला म्हणून कुणी त्यात मंगळवार किंवा मंगल कार्य शोधू नये.

ढिल्या कामासाठी मराठीने असे झुलणारे शब्द का निवडले असावेत, हे मोठ्याने उच्चारून पाहिलं तर कळतं. ‘टंगळमंगळ’ म्हणताना जीभ एकदा इकडे, एकदा तिकडे जाते आणि शेवटी कुठेच पोचत नाही. हिंदीतल्या ‘टालमटोल’चीही तीच चाल आहे. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून वर्ध्यात आहे, १९९७ साली हिंदी विद्यापीठही इथेच आलं. त्याच्याही कितीतरी आधीपासून इथल्या बाजारात दोन्ही भाषा एकत्र नांदतात. त्यामुळे ‘टालमटोल नको’ आणि ‘टंगयमंगय नको’ ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून ऐकू आली तर आश्चर्य वाटायला नको.

भावंडांतला फरक

मराठीत कामाच्या ढिलाईसाठी शब्दांची चणचण नाही. उलट इतके आहेत, की त्यांतले बारकावे आपण हल्ली विसरत चाललो आहोत आणि सगळ्यांना एकाच मापाने वापरतो.

चालढकल म्हणजे काम पुढे ढकलणं. ‘उद्या बघू’, ‘पोळा होऊ दे’, ‘दिवाळी झाली की’. चालढकलीत काम सुरूच होत नाही. इंग्रजीतून आलेल्या ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ला मराठी शब्द हवा म्हणून लोक अडून बसतात, हा तयार शब्द घरात पडून आहे.

टाळाटाळ पुढे ढकलत नाही, बाजूला सारते. काम आपल्यावर येऊच नये, अशी तिची धडपड असते. कुचराई म्हणजे जेवढं करायला हवं त्यापेक्षा कमी करणं, हातचं राखून. अंगचोरपणा त्याच्या जवळचा, पण तो शरीराचा आहे. चौघांनी मिळून ओंडका उचलला आणि एकाने नुसताच खांदा लावला, तर तो अंगचोर. इथे मराठी किती नेमकी आहे पाहा. चोरी कामाची नाही, अंगाची. स्वतःचंच अंग स्वतःच चोरायचं.

हयगय म्हणजे दुर्लक्ष, निष्काळजीपणा. मराठेशाहीतल्या पत्रांत हुकूम देऊन झाल्यावर ‘हयगय न करणे’ अशी ताकीद असायची. तेव्हाच्या कारभाराला काय जाचत होतं, हे त्या एका ठराविक वाक्यावरून कळतं. ‘दिरंगाई’तला ‘दिरंग’ फारसी, अर्थ उशीर. ‘सुस्त’ही फारसी, मूळ अर्थ सैल, ढिला. कसूर आणि गफलत अरबीतून आले. कामचुकारीचे बरेचसे शब्द असे दरबार आणि कचेरीच्या वाटेने मराठीत आले, आणि ते साहजिक आहे. काम सांगणारा जिथे असतो तिथेच हे शब्द लागतात.

आता ‘थातुरमातुर’ आणि ‘पाट्या टाकणं’. टंगळमंगळ ही काम करण्याची रीत, थातुरमातुर हा त्यातून निघणारा माल. टंगळमंगळ करत शिवलेला सदरा थातुरमातुर होतो. पाट्या टाकणारा मात्र वेगळा. पाटी म्हणजे माती वाहायची टोपली. पाटी उचलली, नेली, ओतली, परत आलो. माती किती, कुठे पडली, याच्याशी देणंघेणं नाही. फेरी झाली की झालं. पाट्या टाकणाऱ्याचा वेग चांगला असू शकतो. मन नसतं एवढंच. म्हणजे मन नसलेलं काम दोन तऱ्हांनी होतं, रेंगाळत किंवा भरभर. मराठीने दोन्हींना वेगळी नावं ठेवली.

आणखी एक मजा. टंगळमंगळ, चालढकल, टाळाटाळ, कुचराई, हयगय, दिरंगाई हे सगळे शब्द स्त्रीलिंगी. आळस आणि कंटाळा पुल्लिंगी. यावरून घरातल्या कुणाबद्दलही कसलाही निष्कर्ष काढायची सोय नाही. व्याकरणातलं लिंग ही वेगळी गोष्ट आहे.

येणं, करणं, होणं

या शब्दांचा खरा उलगडा त्यांच्या क्रियापदांत आहे.

‘मला आळस आला’, ‘मला कंटाळा आला’, ‘अंगात मरगळ आली’, ‘सुस्ती चढली’. इथे माणूस काही करत नाहीये. त्याच्याकडे काहीतरी चालून येतं, पाऊस यावा, शिंक यावी तसं. पाऊस आल्याबद्दल कुणाला बोल लावत नाहीत.

‘मला टंगळमंगळ आली’ असं मात्र कुणी म्हणत नाही. टंगळमंगळ करतात, मांडतात, लावतात. ‘त्याने टंगळमंगळ केली.’ करणारा ठळक, ‘ने’ प्रत्यय लावून समोर उभा केलेला. आळसाच्या बाबतीतसुद्धा रागवायचं असेल तेव्हा आपण क्रियापद बदलतो. ‘कंटाळा आलाय ना? बस जरा’ ही सहानुभूती, आणि ‘कंटाळा करू नकोस’ हा दम. शब्द तोच. ‘येणं’चं ‘करणं’ झालं, की तक्रारीचा आरोप होतो.

तिसरं क्रियापद ‘होणं’. ‘निर्णय घेण्यात दिरंगाई झाली.’ कुणी केली? वाक्यात त्याला जागाच नाही. ती आपोआप झाली, दूध नासावं तशी. बातम्यांत आणि सरकारी पत्रांत हे वाक्य इतकं सवयीचं झालंय, की त्यातला माणूस गायब आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. ‘विलंब झाल्याबद्दल दिलगिरी’ हे त्याचंच धाकटं भावंडं.

आता हे तीन शब्द कुणाच्या वाट्याला येतात ते पाहा. स्वतःबद्दल बोलताना माणूस बहुधा म्हणतो, आळस आला. हाताखालच्याबद्दल म्हणतो, टंगळमंगळ करतो. आणि कचेरीबद्दल, साहेबाबद्दल लिहायची वेळ आली तर, दिरंगाई झाली. निंदणाऱ्या बाईची दहा मिनिटं टंगळमंगळ ठरतात आणि सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी महिनोन्महिने पडून राहिलेला अर्ज दिरंगाई ठरतो. मोठ्या पदावरच्या ढिलाईसाठी मराठीत शब्दच नाही, असं मात्र नाही. ‘उंटावरून शेळ्या हाकणं’ ही म्हण नेमकी त्यासाठीच आहे. स्वतः खाली न उतरता, लांबूनच, मन न लावता काम हाकणारा. पण ती म्हण आहे, ती पाठीमागे बोलायची असते. तोंडावर फेकता येईल असा शब्द मराठीने बहुतेक वेळा खालच्या पायरीसाठीच वापरला.

महाराष्ट्राच्या एका कायद्याने हे ‘होणं’ पुन्हा ‘करणं’ करून पाहिलं. त्याचं नाव लांबलचक आहे : महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. लोकांनी त्याला सुटसुटीत नाव दिलं, दप्तर दिरंगाई कायदा. त्यानुसार साधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. तातडीची फाइल ४ दिवसांत आणि अगदी निकडीची शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निघावी. दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागणार नसेल तर ४५ दिवसांत, पाठवावी लागणार असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. आणि विलंब जाणूनबुजून केलेला असेल, तर त्या कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई. ‘जाणूनबुजून’ हा इथला कळीचा शब्द. जमत असताना न करणं, म्हणजे वर सांगितलेली टंगळमंगळीचीच अट. कायदा किती पाळला जातो तो विषय वेगळा, पण सात दिवस मोजायला सांगून त्याने फाइलमागे एक माणूस उभा केला, हे मान्य करायला हवं.

सूत मोजणारा जिल्हा

श्रम मोजण्याचा विषय निघाला, की वर्ध्याचं नाव येतंच. विनोबा १९२१ साली इथे आश्रम चालवायला आले. गांधीजी १९३६ साली सेगावात राहायला आले. त्या गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं. आश्रमाच्या एकादश व्रतांत सत्य, अहिंसा यांच्या रांगेत शरीरश्रमही आहे, म्हणजे अंगमेहनत हे व्रत. झाडणं, दळणं, कातणं यांतून कुणालाही सूट नव्हती. १९३७ साली वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हातकाम हाच शिक्षणाचा पाया मानणारी नई तालीम तिथून पुढे आली.

इथे सुताचं माप समजून घेण्यासारखं आहे. चार फुटांचा एक तार. १६० तारांची एक लटी, चार लटींची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. आज किती कातलं, याचं उत्तर तोंडी द्यायचं नाही, मोजून दाखवायचं. चरख्यापुढे बसून टंगळमंगळ करता येते, अगदी छान करता येते, पण संध्याकाळी लटी भरत नाही. ढोंगाला जागा नाही आणि आरोपालाही नाही. धुऱ्यावरून हाक मारणाऱ्याची गरजच संपते.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी जी लिहून घेतली, त्यांत चौदाव्या अध्यायाच्या निमित्ताने तमोगुणाची चर्चा आहे. गीता तमोगुणाबरोबर प्रमाद, आळस आणि निद्रा यांची नावं घेते. विनोबांचा त्यावरचा उपाय अगदी रोकडा आहे, अंगमेहनत. आळस त्यांच्या लेखी शरीरात भिनणारी गोष्ट आहे आणि शरीरातूनच काढायची आहे. उपदेश म्हणून हे ठीकच. मला मात्र त्यांचा दुसरा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो.

वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहत असताना विनोबांनी दिवसभर सूत कातून, त्या मजुरीत माणूस जगू शकतो का, हे स्वतःवर करून पाहिलं. कातण्यात त्यांचा हात तयार होता आणि निष्ठेबद्दल तर शंकाच नको. तरी पदरात पडणारे पैसे थोडेच होते. याच काळात गांधीजींनी कातणाऱ्यांच्या मजुरीचा प्रश्न लावून धरला आणि १९३५ साली अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांना किमान जगण्यापुरती मजुरी मिळावी असं धोरण स्वीकारलं. खादी त्यामुळे महागणार होती, ते माहीत असूनही.

या प्रयोगाने टंगळमंगळीच्या हिशेबात एक रकाना वाढवला. काम किती झालं हे मोजायचं तर त्याचं मोल किती मिळालं हेही मोजायला हवं. मन लावून केलेल्या दिवसाची आणि मन न लावता केलेल्या दिवसाची मजुरी सारखीच, आणि दोन्ही अपुरीच असेल, तर मन कशासाठी लावायचं, हा प्रश्न आळशी माणसाचा नाही. तो हिशेबी माणसाचा आहे.

रोजाने आणि उक्तं

हेच वावरात रोज दिसतं. तीच माणसं रोजाने आली की एक वेग आणि उक्तं काम घेतलं की दुसरा. सोयाबीनची सोंगणी एकराच्या ठेक्याने दिली तर टोळी उजाडायच्या आत शेतात हजर असते. शेतमालक म्हणतो, बघा, रोजाने असताना टंगळमंगळ करत होते. मजुराचं म्हणणं वेगळं असतं. उक्त्याचा वेग दोन-चार दिवस काढता येतो, वर्षभर नाही. पाठ एकच आहे आणि ती हंगामभर पुरवायची आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जाणाऱ्या जिल्ह्यात दुपारी मंदावलेला हात टंगळमंगळ आहे, की शहाणपण? धुऱ्यावर निंबाच्या सावलीत उभं राहून याचं उत्तर देता येत नाही.

कापसात तर गंमत उलटीच आहे. वेचणीची मजुरी किलोवर. तिथे टंगळमंगळ केली तर तोटा वेचणारीचाच, त्यामुळे आरोपाला वावच कमी. पण किलोच्या घाईत पऱ्हाटीचा वाळका पाला कापसाबरोबर येतो, कवडी कापूस चांगल्यात मिसळतो आणि बाजारात भाव पडतो. हिंगणघाटच्या नावाने एके काळी कापसाचा वाण मँचेस्टरपर्यंत ओळखला जायचा. स्वच्छ मालाची किंमत या भागाला शिकवायला नको. नीट, बोंड पाहून, पाला बाजूला करून वेचणारी बाई लांबून बघणाऱ्याला रेंगाळल्यासारखीच दिसते. मंद हात आणि निगुतीचा हात लांबून सारखेच.

रोजगार हमीच्या कामावरही हा शब्द हमखास ऐकू येतो. महाराष्ट्रात ही योजना १९७२ च्या दुष्काळाच्या दिवसांत रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. ‘तिथे नुसती टंगळमंगळ चालते’ असं शहरात बसून म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा माहीत नसतं, की ही मजुरी नुसत्या हजेरीवर ठरत नाही. किती लांब, किती रुंद, किती खोल खणलं, याचं मोजमाप होतं आणि त्यावर पैसे निघतात. जमीन मुरमाड लागली तर त्याच घामाला खड्डा लहान होतो. आणि मोजमाप करायलाच कुणी वेळेवर आलं नाही, तर मजुरी अडते. आता या शेवटच्या वाक्यातल्या उशिराला काय म्हणणार? बातमीत लिहून येईल : मोजमापात दिरंगाई झाली.

आजचा वापर

कचेऱ्यांच्या जगात २०२२ च्या सुमारास ‘क्वाएट क्विटिंग’ हा शब्द फार गाजला आणि काहींनी त्याचं मराठी ‘टंगळमंगळ’ करून टाकलं. ते बरोबर नाही. नेमून दिलेलं काम नेमल्या वेळेत पूर्ण करणं आणि त्यापलीकडे काही न करणं, हा त्याचा अर्थ. त्यात टंगळमंगळ कुठेच नाही. नऊ ते सहा नीट काम करून घरी जाणाऱ्याला तो शब्द लावणं म्हणजे धुऱ्यावरून हाक मारण्यातलाच प्रकार. याउलट रात्री नऊपर्यंत खुर्चीत बसून, साहेब जाईपर्यंत पडद्यावर तीच फाइल उघडी ठेवणारा मेहनती समजला जातो. वर सांगितलेल्या तिन्ही अटी त्याला लागू होतात. काम सुरू आहे, बघणारं कुणी आहे आणि ताकद आहे.

घरात मात्र हा शब्द अजून प्रेमाने नांदतो. ‘टंगळमंगळ पुरे, दूध पिऊन टाक’, ‘आंघोळीला जातोस की टंगळमंगळ करत बसतोस?’ यांत आरोप असतो, पण धार नसते, कारण मूल खरंच टंगळमंगळ करत असतं आणि ते दोघांनाही माहीत असतं. स्वतःबद्दल हा शब्द वापरणारी माणसं थोडीच. सुट्टीच्या दिवशी, दुपारी तीन वाजता, दाराची कडी दुरुस्त करायला काढून समोर पान्हे मांडून बसलेला एखादा माणूसच हसत सांगतो, "काही नाही हो, टंगळमंगळ चाललीय."